कोर्टाची पायरी आणि कुणब्याचा वकील
(अकोट येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



वेचणीचे दिवस असता हातचे काम टाकून आपण इतक्या संख्येने आलात, तेव्हा आम्ही आपला वेळ शोभेच्या शब्दांत घालवणार नाही. चालकांनी आम्हांस प्रश्न घातला आहे तो सरळ आहे : वकील आणि कायदेमंडळ यांचा कुणब्याला, सुताराला, लोहाराला, कोष्ट्याला उपयोग तो काय? ही मंडळी आपल्या जीवावर मोठी होतात आणि आपणांस ओळखही देत नाहीत, मग त्यांच्या चरित्राशी आपणांस काय करावयाचे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. म्हण खरी आहे, पण अर्धी खरी आहे. शहाणा कोर्टाची पायरी चढला नाही, तरी बेलिफ शहाण्याच्या घराची पायरी चढतोच. दावा होतो, समन्स दारावर डकवले जाते, हा बिचारा वावरात असतो, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मग जप्ती, मग लिलाव. न चढलेल्या पायरीची किंमत आमच्या किती घरांनी मोजली, हे सांगावयास अकोट तालुक्याबाहेर जावयास नको.

आता थोडे लांबचे सांगतो. कंटाळू नका, फिरून येथेच यावयाचे आहे. अमेरिकेत इलिनॉय नावाचा एक प्रांत आहे. तेथे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात एक वकील होऊन गेला. जन्म १८०९ सालचा, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात. शाळा म्हणाल तर सगळी मिळून वर्षभराचीही नाही. लाकडे फोडली, नावेवर काम केले, दुकान घातले ते बुडाले. १८३४ साली तो प्रांताच्या कायदेमंडळात निवडून आला, १८३६ साली वकिलीची सनद मिळवली, आणि लागोपाठ चार वेळा लोकांनी त्यास कायदेमंडळात पाठवले. घोड्यावर बसून एका गावच्या कोर्टातून दुसऱ्या गावच्या कोर्टात हिंडे. हाच तो अब्राहम लिंकन. फार साधुत्व त्याच्या अंगी चिकटवू नका. रेल्वे कंपनीचेही खटले त्याने चालवले आणि फीही घेतली. पण पुढे १८६१ साली तो देशाचा अध्यक्ष झाला आणि गुलामगिरीच्या प्रश्नावरून जी घरातली लढाई पेटली ती त्यास चार वर्षे लढवावी लागली. जोतिबा फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मोकळे करणाऱ्या त्या अमेरिकेतील भल्या लोकांस अर्पण केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

पण त्या लढाईचा आपल्या वावराशी काय संबंध आला, तो तितकासा कोणी सांगत नाही. अमेरिकेचा कापूस दक्षिणेकडच्या प्रांतांत पिके आणि तो गुलामांच्या हातून पिके. उत्तरेच्या सरकारने दक्षिणेची बंदरे कोंडली. विलायतेतील गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा त्यांची नजर फिरली वऱ्हाडकडे. १८६१ ते १८६५ या सालांत आपल्या कापसाला असा भाव आला की, ज्वारीची वावरे मोडून लोकांनी पऱ्हाटी पेरली. हातात पैसा खुळखुळला. लग्ने थाटाची झाली, बैलजोड्या नवीन आल्या आणि भाव आज आहे तसाच राहील या भरवशावर कर्जेही निघाली. १८६५ साली लढाई संपली. भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळले नाही. कर्जाला भाव नसतो, त्याला व्याज असते. १८६७ साली आगगाडी नागपूरपावेतो पोहोचली, १८७० साली खामगावचा फाटा झाला, आपला कापूस दर वर्षी जास्त वेगाने मुंबईस जाऊ लागला आणि सातासमुद्रापलीकडचा भाव आपल्या खळ्यात ठरू लागला.

ह्यातच दुसरी गोष्ट घडली. इंग्रजी अमलात जमीन कुळाच्या नावाने लागली आणि ती गहाण टाकण्याची व विकण्याची मुभा झाली. ऐकावयास हे गोड वाटते. पण जमीन तारण म्हणून चालू लागली म्हणूनच सावकाराने हात सैल सोडला, आणि हात सैल सोडला म्हणूनच जमीन गेली. पूर्वी सावकार फार तर धान्य उचलून नेई. आता कागद घेऊन कोर्टात जाऊ लागला. कागद लिहिणारा त्याचा, वाचणारा त्याचा, साक्षीदार त्याच्या ओट्यावरचे आणि आपला फक्त अंगठा. सवाईने, दिढीने घेतलेले बियाणे आखाजीच्या हिशेबात कसे फुगत जाई, हे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेच असेल.

अशा वेळी वकील कोण होते? अमरावतीची वकीलमंडळी सगळ्या हिंदुस्थानात गाजलेली होती. दादासाहेब खापर्डे यांनी १८८४ साली कायद्याची परीक्षा दिली, काही वर्षे सरकारी नोकरी केली, ती सोडून १८९० पासून अमरावतीस वकिली केली. १८९७ साली काँग्रेस अमरावतीस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. रावबहादूर मुधोळकर हेही अमरावतीचेच वकील; १९१२ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ही माणसे लहान नव्हती. खापर्डे टिळकांच्या खटल्याच्या खटपटीसाठी विलायतेस जाऊन राहिले, मुधोळकरांनी उद्योगधंद्यांकडे लक्ष दिले. त्यांची देशसेवा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तर ते अन्यायाचे होईल. परंतु पांढरपेशा घरात जन्मलेल्या माणसाला परसत्ता बोचते तशी बांधावरची सत्ता बोचत नाही. जोडा कोठे लागतो हे घालणाऱ्याला ठाऊक. कुणब्याच्या घरातून वकील झाल्यावाचून कुणब्याचा दावा कायदेमंडळात उभा राहणे कठीण होते.

तो वकील अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मास आला. पंजाबराव शामराव देशमुख. सगळे वऱ्हाड त्यांस भाऊसाहेब म्हणे, आम्हीही तसेच म्हणू. देशमुख नावावर जाऊ नका, घर शेतीचे. पापळास प्राथमिक शाळा, मग चांदूर, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्यास फर्ग्युसन कॉलेज. एका मुलाच्या शिक्षणासाठी किती गावे बदलावी लागली ते मोजा. आजही मेळघाटच्या पायथ्याच्या पोराला हेच करावे लागते. वाटेत किती पोरे गळून पडतात, त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही.

१९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरोस एम्.ए. झाले, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डास डॉक्टरची पदवी घेतली. कशावर घेतली? वेदांवर. वैदिक वाङ्मयात धर्माचा उगम व वाढ कशी झाली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो पुढे १९३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. ज्या घरच्यांच्या कानावर वेदाचा शब्द पडू नये म्हणून शतकानुशतके कवाडे लावून ठेवली, त्या घरच्या मुलाने वेद उघडून तपासले आणि त्यावर पंडितांकडून शिक्का घेतला. वेद वाचून शेतात दाणा जास्त पिकत नाही, हे आम्हांसही समजते. पण ‘तुला काय कळते’ हे वाक्य त्यांच्यासमोर कोणास पुन्हा उच्चारता आले नाही.

१९२६ साली ते परत आले. अमरावतीस वकिली सुरू केली. बॅरिस्टरचा झगा त्या काळी म्हणजे सोन्याची खाण. मोठ्या जमीनदारांचे, जिनवाल्यांचे खटले घेऊन बसले असते तर बंगले उठले असते. त्यांनी पहिले काय केले, तर अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली, एका पंगतीस बसली. खेड्यातला मुलगा हुशार असून मागे का पडतो? शाळेची फी एक वेळ निघते. गावात राहावे कोठे आणि खावे काय, येथे गाडी अडते. हे त्यांनी स्वतः चार गावे हिंडून भोगले होते. पुस्तकी सुधारकाला ही अडचण सुचली नसती.

१९२७ साली त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. बाई सोनार समाजातल्या. आज ह्या गोष्टीचे कोणास फार नवल वाटणार नाही, असे म्हणावयास आम्ही निघालो होतो. पण गावोगावची हकीकत कानावर असता तसे म्हणवत नाही. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या वाटेस अजून काय येते, ते आपण जाणता. त्या काळी पुढारीपण करू पाहणाऱ्या माणसाने आपल्याच जातीची मते हातची घालवावी, हे धारिष्ट होते. ह्याच विमलाबाई पुढे १९६७ पासून १९७२ पर्यंत राज्यसभेच्या सभासद होत्या.

त्याच साली अमरावतीच्या अंबादेवीचे देऊळ अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. १३ नोव्हेंबरला अमरावतीस परिषद भरली, डॉक्टर आंबेडकर अध्यक्ष होते आणि भाऊसाहेब त्या चळवळीत पुढे होते. येथे ब्राह्मणेतर म्हणवणाऱ्या आपण सर्वांनी कान टवकारावे. आपल्यापेक्षा वरच्याने आपणांस हिणवले म्हणजे आपण खवळतो. आपल्या विहिरीवर खालचा म्हटलेला माणूस आला म्हणजे मात्र आपल्याच अंगात शंकराचार्य संचारतो. भाऊसाहेबांनी ही दुतोंडी चाल चालवली नाही. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यावरून कुणब्यांचीच तोंडे वाकडी झाली असतील, पण ते मागे सरले नाहीत.

जिल्हा कौन्सिलातले दुसरे काम शाळांचे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आपल्या प्रांतात १९२० सालीच झालेला होता. कागदावर कायदा आणि गावात शाळा नाही, अशी गत. शाळा काढावयाची तर पैसा पाहिजे, पैसा पाहिजे तर कर वाढवला पाहिजे. मते मागणारा माणूस कर वाढवण्याचे नाव काढीत नाही. भाऊसाहेबांनी शिक्षणासाठी करवाढ केली. शेतकऱ्याचा पुढारी आणि शेतकऱ्यावर कर! विरोधकांस आयते कोलीत मिळाले असेल. आमचे मत विचाराल तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ह्यापेक्षा धाडसाचे काम दुसरे नाही. देवळाच्या जत्रेला, लग्नाच्या वरातीला, वकिलाच्या फीला आपण हूं की चूं न करता पैसा काढतो आणि शाळेच्या पट्टीला मात्र हात आखडतो. ही खोड त्यांनी ओळखली आणि लोकांची मर्जी न राखता काम केले.

आता १९३० सालाकडे येऊ. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण ह्या सालावरून त्यांस दूषणे देणारे आहेत आणि त्यांची बाजू विचारावयास कोणी थांबत नाही. ते साल मिठाच्या व जंगलच्या सत्याग्रहाचे. आपल्या दहिहंड्यास खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ केले गेले, पुसदेस बापूजी अण्यांनी जंगलचे गवत कापून कायदा मोडला. लोक तुरुंगात गेले, लाठ्या खाल्ल्या. काँग्रेसने कायदेमंडळावर बहिष्कार टाकला. आणि त्याच साली भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि वयाच्या ३२ व्या वर्षी मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांजकडे आली. इंग्रजाच्या हाताखाली मंत्रिपद!

हे बरोबर होते काय? तुरुंगात गेलेल्यांचा मान कमी करण्याची आमची छाती नाही. पण दुसरी बाजूही पाहा. ह्याच कायदेमंडळात १९२४ साली स्वराज्य पक्षाने मंत्र्यांचा पगार सालाचा दोन रुपये ठरवून सरकारची फटफजिती केली होती. शहरातल्या मंडळींना त्या गमतीचे फार कौतुक. खेड्यातल्या पोराला मात्र त्या दोन रुपयांतून पाटी मिळाली नाही. जेथे शाळाच नाही तेथे शाळेवर बहिष्कार कोणी घालावा? ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांस पाच वर्षे थांबणे परवडते.

तरीही हे मंत्रिपद म्हणजे काय होते तेही समजून घ्या. १९१९ च्या कायद्याने कारभाराचे दोन वाटे केले होते. शिक्षण, शेती, स्थानिक कारभार ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे. आणि तिजोरी, सारा, पोलीस ही गव्हर्नराच्या मुठीत. म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेला सांगावे की पंगत तुझी, पण कोठीची किल्ली सासूबाईंकडे. त्यातून १९३० च्या सुमारास सगळ्या जगात मंदी आली, कापसाचा भाव बसला, सरकारचे उत्पन्न आटले. तेव्हा भाऊसाहेबांनी फार शाळा बांधल्या, फार कालवे खणले, असे आम्ही सांगणार नाही; तसे घडणे शक्यच नव्हते.

घडले ते कर्जाच्या बाबतीत. मंदीने आपल्याकडे १८६५ चाच खेळ पुन्हा मांडला : पिकाचा भाव अर्ध्यावर आणि कागदावरचा आकडा पूर्वीचाच. १९३३ साली प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. त्यामागे भाऊसाहेबांची खटपट मोठी होती. कायद्याचे मर्म असे. गावोगावची कर्जप्रकरणे कोर्टाकडे न जाता लवाद मंडळापुढे यावयाची. मंडळाने सावकार व कुळ यांस समोरासमोर बसवावयाचे, खातेवही उघडून मुद्दल किती, व्याज किती, फेड किती याचा हिशेब करावयाचा, दोघांच्या संमतीने रक्कम खाली आणावयाची आणि तिचे हप्ते बांधून द्यावयाचे. सावकाराने खातेवही चारचौघांत उघडावी, ही केवढी गोष्ट झाली! वर्षानुवर्षे ती वही देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी लाल फडक्यात बांधलेली असे. संमतीवर सगळे अवलंबून म्हणून कायदा लेचापेचाच होता, हा आक्षेप खरा आहे. अडेल सावकारापुढे मंडळाचे फारसे चालत नसे. तरी जप्तीपूर्वी कुळाचे म्हणणे ऐकून घेणारी जागा झाली.

देवस्थानांच्या संपत्तीचे बिलही त्यांनी १९३२ साली मांडले. देवळांत लोकांचा पैसा येतो, त्याचा हिशेब लोकांपुढे असावा आणि तो शिक्षणासारख्या कामी लागावा, हा हेतू. मद्रासेकडे जस्टिस पक्षाच्या राज्यात देवस्थानांचा कायदा १९२५ साली झालाच होता. आपल्याकडे ‘धर्म बुडाला’ म्हणून ओरड झाली आणि बिलाचा कायदा काही झाला नाही. मंत्रिपद १९३३ साली सुटले.

अधिकार सुटल्यावर माणूस काय करतो यावरून त्याची पारख होते. भाऊसाहेबांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था वाढवली. पुढे १९४६ साली अमरावतीस शिवाजी कॉलेज निघाले. तिच्याच कॉलेजाची एक शाखा ह्या आपल्या अकोटात आहे, येथे बसलेल्या कित्येकांच्या मुली तेथे शिकल्या. सरकारी तिजोरीची किल्ली हाती नसता लोकांच्या पायल्या-पायलीने उभे राहिलेले हे काम मंत्रिपदाहून टिकाऊ निघाले.

पुढचे दिल्लीचे पर्व वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले आहे, ते थोडक्यात सांगतो. घटना समितीत ते सभासद होते. १९५२ ते १९६२ केंद्र सरकारात मंत्री होते, त्यात शेतीचे काम त्यांनी जिव्हाळ्याने केले. १९५५ साली भारत कृषक समाज काढला, १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, त्यास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. लोक त्यांस ‘देशाचे पहिले कृषिमंत्री’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, म्हणोत. पण त्यांच्या आधी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम आणि मुनशी यांनी ते खाते पाहिले होते. भाऊसाहेबांस उसन्या बिरुदाची गरज नाही. १० एप्रिल १९६५ रोजी ते दिल्लीस वारले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली निघाले, त्याला त्यांचे नाव आहे.

आता चालकांच्या प्रश्नाकडे. मुलाला वकील करावे काय? करावे, मुलीलाही करावे. मात्र सनद मिळाली म्हणजे तो आपला राहतोच असे समजू नका. आपल्यातून वकील झालेली, निवडून गेलेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांतील कित्येकांच्या ओट्यावर आज आपणांस जोडे बाहेर काढून उभे राहावे लागते. जातीचा म्हणून मत देणे आणि मग पाच वर्षे त्याच्या मोटारीची धूळ खाणे, हा सौदा आपणच करतो. भाऊसाहेबांना विचारीत तसे त्यांसही विचारा : कर कोठे गेला, शाळा कोठे आहे, बिल कोणते मांडले?

आणखी एक कामाची गोष्ट. लवाद मंडळे केव्हाच गेली. सावकारी गेली नाही. आजही आपल्या भागात पाच-दहा हजारांसाठी साध्या स्टांपावर, गहाणाऐवजी खरेदीखत लिहून दिले जाते. २०१४ च्या सावकारीच्या कायद्याप्रमाणे, अशी बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशी होऊन सावकारी शाबीत झाली तर खरेदीखत रद्द ठरवण्याचा अधिकार त्यास आहे. त्यास खरेदीखताची नक्कल, जुना सातबारा, दिल्याघेतल्याची कोठलीही चिठ्ठी, बँकेतून पैसे काढले असतील तर पासबुक, हे लागते. कागद नाही म्हणून पुष्कळ अर्ज पडतात. कागद असतो, पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली असतो, आणि त्यावर काय लिहिले आहे हे घरात कोणास ठाऊक नसते.

सभा आटोपल्यावर आम्ही येथेच बसणार आहोत, कायदा शिकलेली दोन तरुण मुलेही बरोबर आहेत. ज्यांनी आज कागद आणले आहेत त्यांनी पुढे यावे. ज्यांनी आणले नाहीत त्यांनी उद्या सकाळी यावे. कोठल्याही कोऱ्या कागदावर, आमच्यासमोरसुद्धा, अंगठा उठवू नये.